माझ्या ताटातला मासा कुणी काढला?

खडूचे हात

माझी दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत हे मला कळलं त्या दुपारी मी शाळेतून थेट दवाखान्यात गेले होते. बोटांना खडू तसाच होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी चौतीस वर्षांची होते, मंगळवार पेठेत राहत होते आणि चौथीच्या वर्गाला शिकवत होते. पाय सुजायचे, जिना चढताना दम लागायचा, तोंडाला सारखी लोखंड चाटल्यासारखी चव यायची. अशक्तपणा असेल, एखादं टॉनिक लिहून देतील, अशा समजुतीनं मी गेले होते.

डॉक्टर मोठे होते. त्यांच्या दाराबाहेरचे बाक कायम भरलेले असत. त्यांनी आधी करून घेतलेले रक्ताचे रिपोर्ट पाहिले, रक्तदाब पुन्हा एकदा घेतला आणि विचारलं, की बाळंतपणात रक्तदाब वाढला होता का. दुसऱ्या वेळी वाढला होता. नंतर कधी तपासला का? नव्हता. मुलगी धडधाकट होती, मला दूध होतं, मग माझा रक्तदाब कोण कशाला बघतंय. डॉक्टर म्हणाले, तो तेव्हापासून वाढलेलाच असणार. आज ना उद्या डायलिसिस लागेल, तोवर औषधं आणि पथ्य.

माझे पती यशवंत शिरोलीच्या एका फौंड्रीत साचे बनवायचं काम करतात. ते फौंड्रीतून तसेच आले होते. त्यांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तोवर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. बाहेर कंपाउंडरनं आमच्या हातात झेरॉक्स केलेला एक कागद ठेवला. ‘किडनीच्या रुग्णांसाठी आहार’ असं वर लिहिलेलं होतं. झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरं फुटलेली होती. चालेल त्यात भात, साबुदाणा, साखर, तूप, उकडून पाणी काढलेल्या भाज्या. डाळ नावापुरती, दूध-दही टाळा. खालच्या चौकटीत जाड अक्षरात: मासे, मटण, अंडी पूर्ण बंद.

कागदावर तारीख नव्हती. हे किती दिवस पाळायचं, कधी बदलायचं, कुणाला विचारायचं, यातलं काहीही नव्हतं. मी शिक्षिका आहे. मुलांना दिलेल्या शुद्धलेखनाच्या कागदावरसुद्धा मी तारीख घालायला लावते. तरी त्या दिवशी ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, आणि त्याचा राग मला आजही येतो.

‘तुमच्यात फार असतं ना’

शाळेत सांगावं लागलं, कारण रजा लागणार होत्या. मधल्या सुट्टीत एक सहशिक्षिका माझ्याजवळ येऊन बसल्या. अगदी मायेनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तुमच्यात मासे-मटण फार असतं ना, त्यानंच झालं असणार हे. आता सोडा सगळं, बघा कसं बरं वाटतं.”

‘तुमच्यात’ म्हणजे कुणात, हे मला कळलं. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, वडील तलाठी झाले, मी डी.एड. झाले, आणि स्टाफरूममध्ये माझा आजार माझ्या ताटातून आला असं ठरलं. माझा आजार कुणी न मोजलेल्या रक्तदाबातून आला होता. ज्या गावात माणसं तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी रांगा लावतात, त्या गावात फक्त माझ्याच रश्श्यानं मूत्रपिंड जातं, हे कसं? पण त्या वेळी मला वाटलं, खरंच असेल कदाचित. आजारी माणसाला कुणी काहीही सांगितलं तरी आधी खरंच वाटतं.

आत्ती

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी यशवंतांकडून तो कागद तीनदा वाचून घेतला आणि त्याच दिवशी घरातलं मासे तळायचं कालथं, तवा, सगळं माळ्यावर टाकलं.

आत्तींच्या हाताचा मासा आमच्या गल्लीत प्रसिद्ध होता. कोकणातून आलेली सुरमई त्या आधी कुरकुरीत तळायच्या, मग चिंच आणि गूळ उकळून केलेल्या दाट, आंबट-गोड रसात सोडायच्या. वर लसणाची फोडणी. मी लग्न होऊन आले तेव्हा आठ दिवस माहेरच्या आठवणीनं रडत होते आणि नवव्या दिवशी तो मासा खाऊन गप्प झाले, असं यशवंत अजून सांगतात.

आता आत्तींनी फक्त माझा मासा बंद केला नाही, सगळ्या घराचा केला. वासानं सुनेचं मन चळायला नको म्हणून. स्वतःही सोडला. सकाळी मला तूप-साखर-भात, दुपारी साबुदाण्याची पेज, संध्याकाळी पुन्हा भात. डाळीचं वरचं पाणी चमच्यानं मोजून. एकदा माझ्या मुलीनं तिच्या वाटीतलं अंडं माझ्या तोंडात घातलं, तर आत्तींनी माझ्यापुढं हात पसरला आणि ते बाहेर काढायला लावलं. एवढी कडक माया होती ती. मला रागही यायचा आणि रडूही यायचं.

दीड वर्ष त्या कागदावर काढलं. मूत्रपिंडांनी थोडा वेळ दिला, त्यात पथ्याचा वाटा होता, हे मी मान्य करते. त्या दीड वर्षापुरता कागद बरोबर होता.

यंत्र

मग डायलिसिस सुरू झालं. यंत्राच्या सुया टोचायला डाव्या हातात शीर जोडून घेतली. आठवड्यातून दोनदा सकाळी जायचं, चार तास पडून राहायचं, रक्त बाहेर जाऊन धुऊन परत येताना बघायचं. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून घेतले होते. महिन्याभरात सवय झाली. नळीतून रक्त फिरत असताना मी चौथीच्या वह्या तपासायची. बाकीचे पेशंट हसायचे, म्हणायचे, बाईंची लाल शाई जवळच आहे.

शेजारच्या पलंगावर अण्णा असायचे. शिरोळकडचे जैन शेतकरी, साठीचे, उंच. ऊस आणि भाजीपाला करायचे. त्यांची बायको, जिला सगळे अक्का म्हणायचे, बाहेरच्या बाकावर चार तास हलायची नाही. अण्णा पहिल्या दिवशी मला म्हणाले होते, “बाई, भ्यायचं न्हाई. हे यंत्र म्हंजे आपलं पाण्याचं पंपच हाय की.” तहानेनं जीव कासावीस व्हायचा तेव्हा ते मला बर्फाचा लहान खडा जिभेखाली ठेवायला सांगायचे. डॉक्टरांनी पाणी कमी प्या एवढंच सांगितलं होतं. कमी पिऊन जगायचं कसं, हे अण्णांनी सांगितलं.

डायलिसिस सुरू झालं तेव्हा कुणीही आम्हाला नवा कागद दिला नाही. जुना घ्या असंही कुणी म्हणालं नाही. आम्ही तोच धरून चाललो. अण्णांच्याही घरी तोच होता, तशाच फुटक्या अक्षरांचा.

आठ महिने गेले. माझ्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. गालफडं बसली. वर्गात फळ्यावर हात वर धरून दोन ओळी लिहिल्या की हात खाली यायचा. वजनकाटा मात्र तेवढंच वजन दाखवायचा. मोठे डॉक्टर आठवड्यातून एकदा फेरीला यायचे, वजन बघायचे आणि म्हणायचे, छान, स्थिर आहे. अंगावरचं मांस गेलं होतं आणि त्या जागी पाणी भरलं होतं, हे काट्याला कळत नाही. डॉक्टरांना कळायला हवं होतं. भेटायला येणारे नातेवाईक माझं कौतुक करायचे, की पथ्य पाळावं तर हिनं. मी उपाशी मरत होते आणि त्याबद्दल मला शाबासकी मिळत होती.

डबा उघडा

एका सकाळी यंत्रावर असतानाच माझा रक्तदाब खाली गेला. डोळ्यांपुढं अंधार आला, पोटऱ्यांत गोळे आले, सिस्टरनी पाय वर घेतले. शुद्धीवर आले तेव्हा एक नवीन डॉक्टर मॅडम शेजारी उभ्या होत्या. मोठे डॉक्टर दोन आठवडे परगावी होते, त्यांच्या जागी त्या आल्या होत्या. त्यांनी माझा दंड चिमटीत धरून पाहिला, पायावर अंगठा दाबून पाहिला आणि मग विचारलं, “सकाळी काय खाल्लंत?”

सव्वादोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

मी म्हणाले, तूप-साखर-भात. त्या म्हणाल्या, डबा उघडा. डब्यात पुन्हा तोच भात होता. त्यांनी विचारलं हे कुणी सांगितलं, तेव्हा मी पर्समधून कागद काढला. घडीवर फाटू नये म्हणून त्याला मी मागून पारदर्शक पट्टी लावली होती. मॅडमनी तो वरपासून खालपर्यंत वाचला.

“बाई, डायलिसिस सुरू झालं त्याच दिवशी हा कागद फाडायला हवा होता,” त्या म्हणाल्या. “हा त्याआधीचा आहे.”

मग त्यांनी स्टूल ओढलं आणि मला चौथीतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. मूत्रपिंडं थोडी चालत असतात तेव्हा प्रथिनांचा भार कमी ठेवतात, म्हणून मासे-अंडी कमी. यंत्र सुरू झालं की उलटं होतं. यंत्र घाण काढतं, तसं दर वेळी अंगातलं थोडं चांगलंही वाहून नेतं. ते भरून काढायला प्रथिनं जास्त लागतात, निरोगी माणसापेक्षाही जास्त. मासा, अंड्याचा पांढरा भाग, कोंबडी, ही आता औषधासारखी घ्यायची. मीठ, पाणी आणि काही फळं-भाज्या यांचं पथ्य मात्र तसंच.

मी विचारलं, “मासा? तळलेला?”

“तळलेला चालेल. तुम्हाला तेलाची शक्तीसुद्धा हवी आहे. अंगावर काही उरलंय का तुमच्या?”

मी आनंदानं रडले असं कुणाला वाटेल. मी संतापानं रडले.

आत्तींचा प्रश्न

घरी येऊन मी आत्तींना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, बरं झालं. तांदूळ पाखडायचं सूप त्यांच्या हातात तसंच राहिलं. मग त्या म्हणाल्या, “म्हंजे आट म्हैनं मी तुला उपाशी मारत हुते व्हय?”

मी नाही म्हणाले. दहा वेळा म्हणाले. त्या ऐकेनात. मुलीच्या वाटीतलं ते अंडं माझ्या तोंडातून काढलं होतं, ते त्या सांगत राहिल्या. खरं तर तो प्रकार डायलिसिसच्या आधीचा होता, तेव्हा त्यांचं बरोबरच होतं, पण ते त्यांना पटवता येईना. ज्या माणसानं हे सांगायचं होतं तो परगावी निवांत होता, आणि माझ्या घरात एक म्हातारी बाई स्वतःला खुनी समजून भिंतीकडं तोंड करून पडली होती. आजारापेक्षा मला याची जास्त चीड आली.

दोन आठवड्यांनी मोठे डॉक्टर परत आले तेव्हा आत्ती माझ्याबरोबर आल्या. यशवंत नको म्हणत होते, पुढं त्यांच्याकडंच उपचार घ्यायचेत, कशाला वाकडं घ्यायचं. आत्ती ऐकल्या नाहीत. त्यांनी पट्टी लावलेला तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. मी शक्य तेवढ्या शांतपणे विचारलं, की डायलिसिस लागल्यावर हे बदलतं, मग आम्हाला सांगितलं का नाही.

डॉक्टरांनी कागदाकडं पाहिलं. म्हणाले, “तुम्ही विचारलं नाहीत.”

मी काही बोलायच्या आत आत्ती बोलल्या. आवाज चढवला नाही. “काय इचारायचं हे आमाला ठावं असतं, तर तुमच्या दारात कशाला बसलो असतो, डॉक्टर?”

डॉक्टर म्हणाले की इतके पेशंट असतात, प्रत्येकाला किती समजावणार, आणि समजावूनही लोक आपल्याच मनाचं करतात. मी म्हणाले, आम्ही तर अक्षरशः तुमच्याच मनाचं केलं. त्यावर त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटा वाजवली. माफी मागितली नाही. आजतागायत नाही.

रवीची गाडी

आता खाण्याचं सांगते, कारण हे लिहायला घेतलं ते त्यासाठीच.

मॅडमना मी आत्तींच्या माशाबद्दल विचारलं होतं. त्यांनी सुरमईला हो म्हटलं आणि रसाला नाही. चिंच आणि गूळ दोन्हींत पोटॅशियम भरपूर असतं. माझ्यासारख्यांच्या रक्तात ते साठलं तर हृदय बंद पडू शकतं. टोमॅटोचंही तेच. म्हणजे मासा परत मिळाला, पण त्याचा आंबट-गोडपणा गेला. नुसता तळलेला, बिनमिठाचा मासा माझ्या घशाखाली उतरणार नव्हता. डायलिसिसच्या पेशंटची जीभ मेलेली असते. काहीतरी आंबट लागतं.

माझा दीर रवी आधी इचलकरंजीत एका हॉटेलात कामाला होता. यंत्रमागवाल्यांच्या पाळ्या सुटल्या की तिथं चायनीजला झुंबड उडायची. तो तिथं शिकला आणि मग कळंब्याच्या रस्त्यावर त्यानं स्वतःची चायनीजची गाडी लावली. आमच्या घरात त्या गाडीला कुणी चांगलं म्हणत नव्हतं. ते काय खाणं आहे का, असं आत्ती म्हणायच्या. रवीला माझी अडचण कळली तेव्हा तो मॅडमच्या शेवटच्या दिवशी दवाखान्यात आला, हातात पिशवी, पिशवीत त्याच्या गाडीवरच्या सगळ्या बाटल्या.

“मॅडम, आमच्यात स्वीट अँड सावर फिश करत्यात. ह्यातलं वैनीला काय चालतंय तेवढं सांगा.”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एकेक बाटली हातात घेतली. सोया सॉस बाजूला ठेवला, नुसतं मीठ आहे म्हणाल्या. अजिनोमोटो बाजूला. टोमॅटो सॉस बाजूला. राहिलं व्हिनेगर, साखर, कॉर्नफ्लॉवर, आलं-लसूण. रवी म्हणाला, “एवढ्यात हुतंय की.”

त्यानं ते आमच्या घरी केलं. सुरमईचे काटे काढून तुकडे, कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवून ताज्या तेलात तळलेले. गाडीवरचं उरलेलं तेल त्यानं आणलं नाही. दुसऱ्या कढईत आलं-लसूण परतून थोडंसं पाणी, साखर, व्हिनेगर, आणि दाटपणाला चमचाभर कॉर्नफ्लॉवर. रस तुकड्यांना लागेल एवढाच, वाटीभर नाही, कारण रसातलं पाणीही दिवसाच्या पाण्यात धरावं लागतं. सिमला मिरचीचे दोन तुकडे रंगाला.

मी पहिला तुकडा तोंडात घातला तेव्हा सगळे माझ्याकडं बघत होते. आत्ती दारात उभ्या होत्या. आंबट आधी आलं, मग गोड, मग मासा. मी चार तुकडे खाल्ले. आत्ती माळ्याखाली गेल्या आणि यशवंतांना म्हणाल्या, “तवा काढ खाली.”

लोक या पदार्थाला नावं ठेवतात. तळलेला, गोड, बाहेरचा, त्यात काय सत्त्व असणार. निरोगी माणसानं रोज खाऊ नये हे खरंच आहे, आणि मधुमेह असलेल्यानं साखरेच्या वाटेला जाऊ नये. पण माझ्या त्या दिवसांत त्या एका ताटलीत मला जे हवं होतं ते होतं. माशात प्रथिनं, अंगाला सहज लागणारी. तेलात आणि साखरेत शक्ती, म्हणजे मासा इंधनात जळून न जाता मांस भरायच्या कामी येतो. व्हिनेगरचा आंबटपणा पोटॅशियमशिवाय. वरून मीठ नाही. माशात फॉस्फरस असतो, तो अंगात साठू नये म्हणून दिलेली जेवणासोबतची गोळी विसरायची नाही. हे सगळं मी मॅडमनी सांगितलं तसं वहीत उतरवून घेतलं. हे माझ्या रक्ताच्या तपासणीवरून ठरलेलं होतं. तुमचं तुमच्या तपासणीवरून ठरवून घ्या, पण ठरवून घ्याच.

तीन महिन्यांत बांगड्या मनगटावर थांबायला लागल्या. फळ्यावर पूर्ण परिच्छेद लिहिला त्या दिवशी मी वर्गात मुलांना कारण न सांगता अर्धा तास आधी खेळायला सोडलं.

अण्णा

इथंपर्यंत मी दुसऱ्यांवर रागावून लिहिलं. आता माझं सांगते.

मॅडम होत्या ते दोन आठवडे अण्णा लेकीकडं परगावी होते आणि तिथंच यंत्रावर जायचे. परत आले तेव्हा मी त्यांना भरभरून सांगितलं, की अण्णा, कागद चुकीचा आहे, आता मासा खायचा, अंडी खायची, मी सुरमई खाल्ली, असा रस केला, तसा रस केला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “बाई, तुमचं मासं तुमाला लखलाभ. आमच्यात कांदा सुद्धा चालत न्हाई. आमाला आपला कागदच बरा.”

आणि मी तिथंच थांबले. मला वाटलं, हो, त्यांच्यात नाही चालत. माझ्या डोक्यात मासा इतका बसला होता की मासा म्हणजे प्रथिनं आणि प्रथिनं दह्यातही असतात, पनीरमध्ये असतात, मोजून घेतलेल्या मुगात असतात, हे त्यांना सांगायचं मला सुचलं नाही. मॅडमनी मला ते सांगितलेलं होतं. ‘शाकाहारी असाल तर’ अशी सुरुवात करून सांगितलं होतं, आणि मी ते माझ्यासाठी नाही म्हणून वहीत लिहिलं नव्हतं. स्टाफरूममधल्या बाईंनी माझं ताट बघून माझा आजार ठरवला. मी अण्णांचं ताट बघून त्यांची गोष्ट संपवली.

अण्णा वाळत गेले. पावसाळ्यात त्यांना कफ झाला, ताप आला, आणि अंगात लढायला काही उरलं नव्हतं. एका सकाळी त्यांच्या पलंगावर दुसराच माणूस होता. सिस्टरनी हळूच सांगितलं.

कागदानंच ते गेले असं मी म्हणणार नाही. त्यांचं वय होतं, आजार मोठा होता. पण त्यांना ताकद मिळाली असती तर त्यांनी तो ताप झेलला असता का, हे मी स्वतःला विचारायचं थांबवू शकलेले नाही.

त्या आठवड्यात मी मॅडमना फोन केला आणि राहिलेलं सगळं लिहून घेतलं. मोठा पांढरा कार्डशीट आणला, शाळेत तक्ते करतो तसा तक्ता केला. वर ठळक लिहिलं: डायलिसिस सुरू झालं असेल तर जुना कागद बंद, डॉक्टरांना नवा मागा. खाली दोन रकाने, मासे-अंडी खाणाऱ्यांसाठी आणि न खाणाऱ्यांसाठी. मॅडमकडून तपासून आणला आणि डायलिसिसच्या खोलीत भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी तो काढलेला होता, परवानगी नव्हती म्हणून. मी परत लावला. परत काढला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तिथल्या चार पेशंटांनी सिस्टरना सांगितलं, की तक्ता काढायचा असेल तर आधी आमचे डबे तपासा. मग तो राहिला.

पुढं दोन वर्षांनी माझ्या थोरल्या बहिणीनं मला तिचं मूत्रपिंड दिलं, आणि ते आजही चालू आहे. ती सगळी हकिगत वेगळी आहे आणि त्यात मला बरीच भली माणसं भेटली. तिथंही खाणं पुन्हा बदललं. या वेळी मी डॉक्टरांच्या खोलीतून उठलेच नाही, सगळं कळेपर्यंत. बाहेर लोक कुरकुरत होते. कुरकुरू द्या.

अक्का

पण मला अजून जी सकाळ आठवते ती तक्ता लावल्यानंतरची, अण्णा जाऊन महिना झाला असेल तेव्हाची. अक्का खोलीत आल्या. अण्णांची चादर तिथं राहिली होती ती न्यायला. मी यंत्रावर होते. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या की तुमचं तोंड भरलंय, बरं वाटलं बघून. त्यांच्या बोलण्यात दुसरं काही नव्हतं, खरंच बरं वाटलं होतं त्यांना.

मग त्यांची नजर भिंतीकडं गेली. त्यांना वाचता येत नव्हतं. विचारलं, हे काय लावलंय.

मी म्हणाले, खाण्याचं आहे. त्या म्हणाल्या, “वाचून दावा की.”

मी पहिला रकाना सोडून दुसरा वाचायला घेतला. पनीर, असं वाचलं. मूग, मोजून. मग मी वाचलं, घट्ट दही, रोज, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापानं.

“दही?” अक्का म्हणाल्या.

मी मान हलवली.

“आमच्यात दोन म्हशी हायत, बाई. त्यास्नी चालत न्हाई म्हणून समदं दही मी रोज शेजारी वाटत हुते.”

त्या पलंगाच्या कडेला बसल्या, चादर मांडीवर घेऊन. मी थांबले होते. त्यांनी तक्त्याकडं बोट केलं आणि म्हणाल्या, पुढं वाचा. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.